कचऱ्यातून वीज: पाणी, माती आणि आपलं रान



आज पिकाची नोंद नाही. आज कचऱ्याबद्दल लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, कारण हा कचरा फिरून फिरून आपल्याच रानात येतो.

गेली काही वर्षं "कचऱ्यातून ऊर्जा" हे शब्द पेपरात आणि सभांमध्ये वरचेवर ऐकू येतात. शहर वाढतं, डेपो भरतो, वास सुटतो, आग लागते, आणि मग कुणीतरी म्हणतं, "सगळा जाळून वीज करू." आसपासच्या पाच-सात गावांचा, नगरपालिकांचा कचरा एकत्र आणायचा, एक मोठा प्रकल्प उभारायचा. कागदावर कचरा संपतो, वीज मिळते, वर खतही मिळतं. नंतर जागेचा प्रश्न येतो. जागा शहरात नसते. ती एखाद्या गावाच्या गायरानात असते, नाहीतर ओढ्याच्या वरच्या अंगाला.

म्हणून या कल्पनेचा इतिहास आपल्याला माहीत पाहिजे. ती नवी नाही. सव्वाशे वर्षं जुनी आहे, आणि सातारा-सांगलीचा माणूस ती वेगळ्या नावाने त्याच्याही आधीपासून करत आलाय.

चुलवाणातलं शहाणपण

गुऱ्हाळ आठवा. ऊस चरकात गेला, रस काहिलीत गेला, आणि उरलं ते चिपाड. ते ओलं चिपाड लगेच चुलवाणात कुणी घालत नाही. अंगणात पसरायचं, उन्हात वाळवायचं, मग सारायचं. गुळाचं एक आदण उतरवायला बाहेरून सरपण फारसं लागत नाही, उसाचं चिपाडच उसाचा रस आटवतं. राख निघते ती रानात जाते.

आता यात काय काय आलं बघा. जळण एकाच जातीचं. त्यात माती नाही, काच नाही. पाणी उन्हाने फुकट काढलेलं. उष्णता जिथं तयार झाली तिथंच वापरली, कुठं वाहून न्यावी लागली नाही. आणि शेवटी उरलेली राख घ्यायला शेत तयार. कचऱ्यातून ऊर्जा काढणाऱ्या कुठल्याही मोठ्या प्रकल्पाला याच पाच गोष्टी लागतात. पुढच्या सगळ्या इतिहासात जिथं या जमल्या तिथं काम झालं, जिथं जमल्या नाहीत तिथं कोट्यवधींची यंत्रं गंजत पडली.

१८९७: एकाच वर्षी दोन वाटा

शहराचा कचरा भट्टीत जाळायची सुरुवात इंग्लंडमध्ये १८७४ साली नॉटिंगहॅमला झाली. तेव्हा वीज हा हेतू नव्हता, रोगराईची भीती होती. नंतर लंडनच्या शोरडिच भागात १८९७ साली कचऱ्याच्या भट्टीवर वीजकेंद्र चालू झालं. इमारतीवर लॅटिन भाषेत ब्रीद कोरलं होतं, अर्थ असा की धुळीतून उजेड आणि शक्ती. तिकडच्या त्या वेळच्या कचऱ्यात घरोघरच्या शेगड्यांमधला अर्धवट जळलेला कोळसा भरपूर असायचा, हे विसरायचं नाही. म्हणजे तो कचरा पेटायला तयारच होता.

त्याच १८९७ साली आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात दुसरीच गोष्ट घडली. तिथल्या मैल्याच्या बंद टाकीत तयार होणारा वायू गोळा करून त्यावर दिवे लावले गेले, आणि पुढे त्याच वायूवर इंजिनही चाललं. भारतातल्या बायोगॅसचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण सुरुवात इथूनच धरतात.

एक वाट जाळायची, एक वाट कुजवायची. कोरडं असेल ते जाळावं, ओलं असेल ते हवाबंद कुजवावं. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पाचट कुणी गोबरगॅसच्या टाकीत टाकत नाही आणि शेण ओलं असताना कुणी चुलीत घालत नाही. त्याची आधी गोवरी थापतो. पण पुढच्या शंभर वर्षांत शहरांच्या योजना करणाऱ्यांनी हा साधा भेद वारंवार बाजूला ठेवला.

आधी शहराचा कचरा आपण विकत घेत होतो

एक काळ असा होता की शहराची घाण शेतकऱ्याला पाहिजे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्याची नगरपालिका शहराचा केर जाळून त्या राखेत मैला मिसळून सोनखत करत होती. मुठा कालव्याखालचे ऊसवाले सुरुवातीला ते हातात घ्यायला कचरले, पण उसाने कौल दिल्यावर पैसे देऊन नेऊ लागले.

तेव्हाच्या केरात काय होतं? राख, पालापाचोळा, शेण, चिंध्या, फुटकी मडकी. प्लास्टिक नव्हतं, बॅटरीचे सेल नव्हते, ट्यूबलाईट नव्हती. त्या केराची राख शेतात टाकायला हरकत नव्हती. आज तोच प्रकार केला तर राखेबरोबर शिसं आणि कॅडमियमही रानात जाईल. पद्धत जुनी असली तरी कचरा बदललाय. "आमच्या आज्याच्या काळी सोनखत चालायचं" हे म्हणणं खरं आहे, पण त्यावरून आजच्या कचऱ्याचा निकाल लावता येत नाही.

साखर कारखाना: जिल्ह्यातला सगळ्यात जुना ऊर्जाप्रकल्प

फलटण तालुक्यात साखरवाडीला १९३०च्या दशकात कारखाना उभा राहिला. नंतर सहकाराच्या काळात रेठऱ्याला कृष्णा, यशवंतनगरला सह्याद्री, साखराळ्याला राजारामबापू, सांगलीला वसंतदादा असे कारखाने उभे राहिले. यांतल्या प्रत्येकाच्या बॉयलरमध्ये गुऱ्हाळाचंच तत्त्व मोठ्या मापात चालतं. बगॅस जळतो, वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ रस आटवायला जाते. उष्णता दोनदा कामाला येते. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात. जुने बॉयलर कमी दाबाचे होते, बगॅस साठून राहू नये म्हणून कसाही जाळून टाकायचे. २००० नंतर जास्त दाबाचे बॉयलर बसले आणि उरलेली वीज विकायला निघाली.

इथं एक हिशेब मांडतो. कागद-पेन घेऊन बसलात तरी चालेल.

उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतो आणि त्यात जवळपास निम्मं पाणी असतं. शहराच्या मिसळलेल्या कचऱ्यातही पाणी साधारण तेवढंच. मग बगॅस धडाधडा जळतो आणि कचरा का जळत नाही?

१०० किलो बगॅस घ्या. ५० किलो पाणी, २ किलो राख होणारा भाग, ४८ किलो जळणारा भाग. जळणाऱ्या भागातून किलोला ढोबळ ४,००० किलोकॅलरी धरल्या तर १,९२,००० झाल्या. ५० किलो पाण्याची वाफ करायला किलोला ६०० प्रमाणे ३०,००० गेल्या. हाती राहिल्या १,६२,०००, म्हणजे किलोमागे १,६००च्या आसपास. बॉयलर मजेत चालतो.

आता १०० किलो मिसळलेला शहरी कचरा घ्या. समजा पाणी तेवढंच ५० किलो, पण त्यात झाडलोटीची माती, बांधकामाचा राडा, दगड, काच मिळून २५ किलो. जळणारा भाग राहिला २५ किलो. त्याच्या १,००,००० किलोकॅलरी. पाण्यात ३०,००० गेल्या. उरल्या ७०,०००, किलोमागे ७००. शिवाय ती २५ किलो मातीही भट्टीत तापवावी लागते. आग धरतच नाही, वरून डिझेल ओतावं लागतं.

दोन्हीकडे पाणी सारखं. फरक मातीने केला. केंद्राच्या २०१६च्या घनकचरा नियमांत म्हटलं होतं की ज्या कचऱ्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्याची उष्णता किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा जास्त आहे, तो पुरून न टाकता ऊर्जेसाठी वापरावा. आता वरचे दोन आकडे परत बघा. बगॅस या रेषेच्या वर आहे. मिसळलेला कचरा निम्म्यालाही पोचत नाही.

दिल्लीतले एकवीस दिवस

हा हिशेब न करता उभारलेला प्रकल्प बघायचा असेल तर दिल्लीचा तिमारपूर. १९८७ साली केंद्र सरकारने डेन्मार्कच्या कंपनीकडून भट्टी आणून बसवली. रोज ३०० टन कचरा आणि त्यावर ३.७५ मेगावॉट वीज, असा बेत होता. भट्टी चाचणीच्या एकवीस दिवसांपलीकडे गेली नाही. कचऱ्यात धरलेली उष्णता कागदावर होती, प्रत्यक्षात मिळाली ती निम्म्याच्या आसपास. यंत्र वाईट नव्हतं. ते ज्या देशातून आलं तिथला कचरा वेगळा होता: कागद, पुठ्ठा, वेष्टनं जास्त, भाजीची देठं कमी, रस्त्याची धूळ तर नाहीच. शिवाय तिथं थंडी. भट्टीच्या गरम पाण्याने तिकडे घरं ऊब घेतात, म्हणजे आपल्या कारखान्यासारखा उष्णतेचा दुहेरी वापर होतो. आपल्याकडे मे महिन्यात गरम पाणी कोण घेणार? नुसती वीज करायची म्हटलं की बरीचशी उष्णता वाया जाते.

बरं, जाळण्याऐवजी कुजवलं म्हणजे आपोआप जमतं असंही नाही. लखनौला २००३च्या सुमारास कचरा कुजवून ५ मेगावॉट वीज करायचा प्रकल्प उभा राहिला आणि लवकरच बंद पडला, कारण टाकीत यायला पाहिजे ओला कचरा आणि येत होता सगळा मिसळलेला. माती तळाला बसते, प्लास्टिक वर तरंगून साय धरते, चिंध्या मिश्रणयंत्राला गुंडाळतात. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. शेणाबरोबर गोठ्यातली माती दोन वर्षं जात राहिली की टाकीचं काय होतं ते उपसणाऱ्याला विचारा.

अशा अनुभवांमुळे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने कचऱ्यातून ऊर्जेच्या नव्या प्रकल्पांना सरकारी अनुदान देणं थांबवायला सांगितलं होतं. दोन वर्षांनी फक्त पाच प्रायोगिक प्रकल्पांना वाट मोकळी झाली.

गोबरगॅस आणि फलटणची शिकवण

खेड्यात मात्र कुजवायची वाट शांतपणे पुढे जात होती. १९३९ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायूचे प्रयोग केले. १९५१च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचं 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र बनवलं, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला खादी ग्रामोद्योग आयोगाने ते उचललं. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून खत आणि वायू करायचे प्रयोग केले. देहूला डॉ. मापुसकरांनी संडास जोडलेल्या गॅसचं काम आयुष्यभर केलं, त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात गावोगाव गोबरगॅस झाले. लोखंडी टाक्या गंजल्या, मग सिमेंटच्या घुमटाचं 'दीनबंधू' आलं. ज्या घरात जनावरं टिकली तिथं गॅस टिकला. जनावरं विकली तिथं टाकी पडून राहिली. म्हणजे प्रश्न यंत्रापेक्षा रोजच्या घमेल्याचा होता.

यात आपल्या फलटणचं नाव मोठं आहे. १९६८ साली ब. वि. निंबकरांनी काढलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी ऊर्जेवर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की तालुका हे एकक धरा, तालुक्यातल्या शेतातल्या उरलेल्या काडीकचऱ्यावर तालुक्याची ऊर्जेची गरज भागवायचा विचार करा. उसाचं पाचट आपण शेतात पेटवून देतो. हेक्टरी आठ-दहा टन जळण धुरात जातं. नव्वदच्या दशकात त्यांच्या चमूने पाचट आणि बगॅस यांच्यावर चालणारी वायुभट्टी बनवली आणि एका धातूउद्योगाच्या तेलावर चालणाऱ्या भट्टीला जोडून दाखवली. त्यात अडचण कुठली आली? पाचट हलकं आणि फोफशी. ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही. गोळा करणं, बारीक करणं, वाहून आणणं, सगळा खर्च तिथं. जळणात दम असला तरी ते भट्टीच्या तोंडापर्यंत आणताना नफा संपतो.

त्याच फलटणमध्ये डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनेही काम केलं. पाचटापासून कांडी कोळसा करायच्या पद्धतीला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. नंतर २००६ साली त्यांच्या घरगुती खरकट्यावरच्या छोट्या बायोगॅसलाही तोच पुरस्कार मिळाला. कर्व्यांचा मुद्दा शेतकऱ्याला लगेच पटतो. शेणातली ऊर्जा गाईने आधीच काढून घेतलेली असते. उलट शिळा भात, पीठ, खराब फळं यांत ती शाबूत असते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे अशा दोन किलो खाद्यातून चोवीस तासांत जेवढा वायू मिळतो, तेवढ्यासाठी चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागतात. म्हणजे शहराच्या ओल्या कचऱ्यात ताकद आहे. फक्त तो वेगळा मिळाला पाहिजे.

पुण्याची वाट आणि दोन गावं

मोठ्या शहराच्या कचऱ्याशेजारी राहणं काय असतं हे हवेली तालुक्यातल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीला विचारावं. पुण्याचा कोथरूडचा डेपो बंद झाला आणि सगळा भार या दोन गावांवर आला. विहिरींचं पाणी नासलं, आंदोलनं झाली, गाड्या अडवल्या गेल्या. २०१७ साली ही गावं महापालिकेत घेतली, आणि पुढे तिथं वेगळी नगर परिषद करायचा निर्णय झाला. इतक्या वर्षांत शहराने कचऱ्याचे नाना प्रयोग केले, पण पहिल्यांदा तडजोड केली ती गावाने.

उलट बाजूही सांगायला पाहिजे. पिंपरी-चिंचवडने मोशीच्या डेपोवर १४ मेगावॉटचा प्रकल्प उभा केला. १ ऑगस्ट २०२३ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खर्च सुमारे ३०० कोटी, वर्षाला अडीच लाख टनांच्या आसपास कचरा वापरायचा बेत. म्हणजे रोज साधारण ६८५ टन. शहराच्या घरांमध्ये आता पुठ्ठा, वेष्टनं, प्लास्टिक बरंच निघतं, आणि ओला कचरा वेगळा काढला तर उरलेला भाग जळण्याजोगा होतो. तिमारपूरनंतरच्या छत्तीस वर्षांत कचराही बदलला आणि शहाणपणही थोडं आलं.

इंदूरने दुसरी वाट घेतली. फेब्रुवारी २०२२मध्ये तिथं रोज ५५० टन ओला कचरा घेणारा प्रकल्प सुरू झाला. त्यातून रोज १७,००० किलो गॅस आणि १०० टन खत काढायचं ठरलं. इंदूरची खरी कमाई टाकीत नाही. घराच्या दारात, घंटागाडीत ओला-सुका वेगळा टाकायची सवय त्यांनी आधी लावली, प्रकल्प नंतर आला.

आपल्याकडे किती आणि काय

आता आपल्याकडे या. साताऱ्याचा कचरा सोनगावला जातो. सांगलीचा समडोळी रस्त्याला, मिरजेचा बेडग रस्त्याला. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ साली झाली, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. माणशी ४०० ग्रॅम धरा, रोजचे २०० टन झाले. त्यात निम्मा ओला, म्हणजे १०० टन. माती-राडा काढल्यावर जळण्याजोगा सुका भाग फार तर ४०-५० टन.

मोशीला रोज ६८५ टन लागतात. म्हणजे आपल्याकडे जाळायचा मोठा प्रकल्प चालवायचा तर सांगलीचा कचरा पुरत नाही. सातारा, कराड, इस्लामपूर, विटा, तासगाव, अगदी कोल्हापूर-इचलकरंजीचाही आणावा लागेल. "शहर परिसराचा संयुक्त प्रकल्प" या शब्दांचा अर्थ हा असतो. शंभर किलोमीटरवरून ओला कचरा गाडीत घालून आणायचा. त्यात निम्मं पाणी. डिझेल जाळून पाणी वाहायचं, आणि मग भट्टीत ते पाणी आटवायला परत जळण. आणि भट्टीला रोज पोटभर पाहिजे, नाहीतर ती बंद पडते. म्हणून करारात रोज इतका कचरा देऊच असं शहराकडून लिहून घेतात. तसं लिहून दिल्यावर कचरा कमी करण्यात कुणाला रस राहील?

ओल्याचा हिशेब त्यापेक्षा बरा बसतो. इंदूरच्या प्रमाणाने टनामागे ३० किलो गॅस धरला, तर सांगलीच्या १०० टनांतून रोज तीन हजार किलो. आणि याच्या शेजारी आपलं प्रेसमड ठेवा. रोज ५,००० टन गाळणाऱ्या एका कारखान्यातून साडेतीन-चार टक्क्यांनी पावणेदोनशे ते दोनशे टन प्रेसमड निघतं, स्वच्छ, एकजातीचं, काचेविना. केंद्राच्या २०१८च्या 'सतत' योजनेनंतर त्यापासून गॅस करायला बरेच कारखाने पुढे आले. पण प्रेसमड हंगामापुरतं. पावसाळ्यात टाकी उपाशी. शहराचा नीट वेगळा केलेला ओला कचरा बाराही महिने निघतो. या दोन गोष्टींची सांगड घालता येते का, यावर आपल्या कृषी पदवीधरांनी आणि कारखान्यांनी डोकं लावण्यासारखं आहे. टाकी, पाइप, माणसं कारखान्याजवळ आधीच आहेत.

अट एकच, कचरा घरातच वेगळा झाला पाहिजे. आणि ते आपल्याकडे जमत नाही असं कुणी म्हणू नये. एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये २०२०च्या स्वच्छ सर्वेक्षणात कराड देशात पहिलं आलं, २०२२ला पाचगणी पहिली आली. ही आपलीच माणसं.

अजून एक गोष्ट फक्त कृष्णाकाठच्याच लक्षात येईल. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर रस्त्यांवर जे ढीग लागले त्यात भिजलेल्या गाद्या, कुजलेलं धान्य आणि सगळ्यावर गाळ. पाणी आणि माती, दोन्ही शत्रू एकत्र. महिनाभर असा कचरा आला तर भट्टी काय करणार, आणि मुळात प्रकल्प, त्याची राख, त्याचं काळं पाणी पूररेषेच्या आत तर नाही ना, हे नकाशावर बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही.

राख आणि खत कुणाच्या रानात?

जाळलं तरी कचरा नाहीसा होत नाही. वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याएवढी राख उरते. त्यातली धुरांड्यात अडवलेली बारीक राख तर विषारी मानतात. चुलवाणाची राख आणि ही राख एक नव्हे. "राखच आहे, पोटॅश मिळेल" असं सांगत कुणी ट्रॉली आणून ओतली तर घेऊ नका.

कुजवलं तर खत निघतं. २०१६ साली केंद्राने शहरी कंपोस्टला टनाला १,५०० रुपये साहाय्य जाहीर केलं, त्यानंतर हे खत गावात यायला लागलं. आमच्या शिवारात एकाने ते हळदीला टाकलं. पहिल्या भांगलणीला बायकांच्या हाताला काचा लागल्या. ज्याने खत दिलं त्याचं उत्तर एवढंच होतं, "चाळून टाकायला पाहिजे होतं."

कायद्यात याचं माप आहे. १९८५च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी ठरवून दिलंय: ओल १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, कर्ब-नत्र प्रमाण २०च्या आत, नव्वद टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम ५च्या आत. काच डोळ्याला दिसते, कॅडमियम दिसत नाही. आणि शिसं-कॅडमियम एकदा रानात गेलं की कुठलाही पाऊस ते धुऊन नेत नाही. पाच टन शेणखत चुकीचं पडलं तर एक हंगाम जातो. हे पडलं तर नातवाच्या सातबाऱ्यावर जातं.

ग्रामसभेत विचारायचं ते

विरोधासाठी विरोध करा असं मी म्हणत नाही. कचरा आपलाही आहे, शहरातली आपलीच पोरं आहेत, आणि उघड्यावर पेटणारा डेपो कुठल्याही प्रकल्पापेक्षा वाईट. पण सव्वाशे वर्षांच्या इतिहासाने काही प्रश्न आपल्या हातात दिलेत. प्रकल्पाचा कागद गावात आला की ते विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या.

एक, रोज किती टन, कुठल्या कुठल्या शहरांचा?
दोन, कचरा घरात वेगळा होतो का? कधीपासून? आज किती टक्के?
तीन, त्याची ओल, माती आणि उष्णता तपासली का? पावसाळ्यातला नमुना घेतला का, की फक्त एप्रिलमधला?
चार, ओला भाग कुजवणार की तोही जाळणार?
पाच, राख कुठं टाकणार, काळं पाणी कुठं जाणार, पूररेषा कुठं आहे?
सहा, खत देणार असाल तर प्रत्येक लॉटचा जड धातूंचा अहवाल कोण देणार?
सात, प्रकल्प बंद पडला तर साठलेला कचरा उचलायचे पैसे कुणी बाजूला ठेवलेत?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. तिमारपूर त्याच प्रश्नावर बसलं. बगॅस ओला आला तर बॉयलरवाला लगेच ओरडतो, कारखान्यात त्याची रोज तपासणी होते. शहराच्या कचऱ्याची तेवढी तरी व्हावी.

तुमच्या गावाजवळ डेपो असेल, शहरी खत वापरलं असेल, प्रेसमडच्या गॅसनंतरची स्लरी रानात दिली असेल तर अनुभव जरूर कळवा. पीक, जमीन, एकरी किती आणि कधी टाकलं, हेही लिहा. माती परीक्षणाचा जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून बघता आला तर उत्तमच.